स्पेनमधला फुकटचा सोफा आणि त्याभोवतीचे सापळे

जर्मनी, फ्रान्स किंवा नेदरलँड्समध्ये शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या ईस्टरच्या सुट्टीत स्पेन हमखास येतो. बार्सिलोना, माद्रिद, मग दक्षिणेला ग्रानादा आणि सेव्हिल. विमानाचं तिकीट स्वस्तात मिळून जातं आणि नंतर कळतं की राहायला परवडेल असं काही उरलेलंच नाही. ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सांता. सेव्हिलमध्ये रात्र-रात्र मिरवणुका चालतात आणि खुद्द स्पॅनिश लोकही सुट्टीला बाहेर पडलेले असतात. व्हॅलेन्सियाच्या फायास उत्सवात (१५ ते १९ मार्च) आणि पाम्प्लोनाच्या सान फेर्मिनमध्ये (६ ते १४ जुलै) हीच तऱ्हा. मग कुणीतरी सुचवतं, काउचसर्फिंग कर की. सल्ला वाईट नाही. पण खोट्या यजमानांचा धंदाही याच तारखांना तेजीत असतो, कारण सोफा शोधणारा किती अडलेला आहे हे त्याच्या पहिल्याच निरोपात दिसतं.

काउचसर्फिंग हे संकेतस्थळ २००४ साली सुरू झालं, अनोळखी प्रवाशाला घरी फुकट झोपू द्यायचं या एका तत्त्वावर. २०११ मध्ये त्याची कंपनी झाली आणि मे २०२० पासून सभासदांना वर्गणी लागू झाली. बरेच जुने यजमान तेव्हा बाहेर पडले. त्यामुळे एखाद्याच्या नावावर किती अभिप्राय आहेत हे मोजण्याआधी शेवटचा अभिप्राय कधीचा आहे ते बघा. तीन वर्षं शांत असलेलं खातं अचानक मिनिटाभरात उत्तर देऊ लागलं तर ते मूळ माणसाच्या हातात असेलच असं नाही. अभिप्राय देणाऱ्यांची पानंही उघडा. ती सगळी एकाच महिन्यात उघडलेली असतील, किंवा अभिप्राय फक्त 'ओळखीच्या' लोकांचे असतील आणि प्रत्यक्ष मुक्काम केलेल्यांचा एकही नसेल, तर पुढे जाऊ नका. एखाद्या पुरुष यजमानाकडे केवळ एकट्या मुलीच राहून गेलेल्या दिसल्या तर मुलींनी तो सोफा सोडून द्यावा. तिथे पैशांपेक्षा मोठा धोका असू शकतो. बीवेलकम आणि ट्रस्टरूट्स या दोन संकेतस्थळांवर वर्गणी नाही. यजमान कमी, पण जे आहेत ते हौसेने आलेले.

प्रत्यक्ष डाव असा रंगतो. तुम्ही 'मी अमुक तारखांना बार्सिलोनात आहे' अशी जाहीर सूचना टाकता. तासाभरात कुणाचातरी अगत्याचा निरोप येतो आणि लगेच, 'इथे मी फारसा नसतो, व्हॉट्सअॅपवर बोलू.' ही पहिली पायरी. संभाषण संकेतस्थळाबाहेर गेलं की तक्रार करायला पुरावा उरत नाही. काही जण इथेच 'तुझ्या फोनवर सहा आकडी कोड आलाय तो सांग, खात्री करायची आहे' म्हणतात. तो कोड तुमच्याच व्हॉट्सअॅपचा असतो. दिला की तुमचं खातं त्यांच्याकडे, आणि तुमच्या नावाने पुण्यातल्या काकांना पैशांचे निरोप सुरू.

दुसरी पायरी पासपोर्टच्या फोटोची. 'स्पेनमध्ये आता कायदा आहे, पाहुण्याची नोंद पोलिसांना द्यावी लागते.' यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पचतं. २०२१ चा ९३३ क्रमांकाचा शाही आदेश खरोखर आहे आणि निवासव्यवस्थांना तो २ डिसेंबर २०२४ पासून बंधनकारक झाला. पण तो हॉटेल, हॉस्टेल, पर्यटकांना भाड्याने दिलेली घरं अशा धंद्यांसाठी आहे. मित्र म्हणून घरी फुकट झोपवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय स्पेनच्या माहिती संरक्षण संस्थेने २०२५ मध्ये स्पष्ट केलं की हॉटेलांनीसुद्धा आवश्यक तेवढी माहिती टिपून घ्यावी, ओळखपत्राची प्रत मागू नये. म्हणजे समोर धरून दाखवायला हरकत नाही, फोटो पाठवायचा नाही.

तिसरी पायरी निघण्याच्या आदल्या दिवशी येते, आणि मुद्दाम आदल्याच दिवशी येते. 'फार वाईट वाटतंय, आई अचानक आजारी पडली, मी गावी चाललोय. पण माझ्या मित्राची खोली मोकळी आहे, तुझ्यासाठी सांगून ठेवलंय. फक्त ८० युरो अनामत, निघताना परत.' सोबत एक आयबॅन, म्हणजे युरोपातल्या बँक खात्याचा क्रमांक. आता रात्रीचे दहा वाजलेले असतात, सकाळचं विमान आणि सगळी हॉस्टेलं भरलेली. पैसे जातात, पत्ता येतो, आणि त्या पत्त्यावर एक खरी इमारत असते, जिथल्या रहिवाशांना यातलं काही माहीत नसतं.

या क्षणी दोन गोष्टी तपासता येतात. आयबॅनची पहिली दोन अक्षरं देश सांगतात. स्पेनची ई आणि एस. बार्सिलोनाच्या घरमालकाचं खातं भलत्याच देशातलं निघालं तर तो निव्वळ योगायोग असू शकतो, पण पैसे पाठवायला ते कारण पुरेसं नाही. दुसरं, ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना खातेदाराचं नाव आणि आयबॅन जुळतात का हे पैसे जाण्याआधी दाखवावं लागतं. बँकेने 'नाव जुळत नाही' असा इशारा दिला की तिथेच थांबा. 'ते माझ्या बायकोचं खातं आहे' हे उत्तर समोर तयार असतं. तातडीचं सेपा (युरोपातल्या बँकांमधलं युरोचं) हस्तांतरण दहा सेकंदांत पूर्ण होतं आणि तुम्ही स्वतः मंजूर केलेले पैसे बँक ओढून परत आणू शकत नाही. ती फक्त समोरच्या बँकेला विनंती करते.

खरं तर इतकं तपासायची वेळच येऊ नये. काउचसर्फिंगच्या नियमांत यजमानाने मुक्कामाचे पैसे मागणं बसत नाही. सफाईचे वीस युरो, चादरींचे दहा, 'सगळे देतात' म्हणून पाच, काहीही नाही. आणि सोफा नक्की झाला तरी फुकट रद्द करता येणारी एक खाट हॉस्टेलमध्ये राखून ठेवायची. रद्द करण्याची शेवटची वेळ वाचून घ्या, बऱ्याच ठिकाणी ती ४८ तास आधीची असते. यजमानाला त्या वेळेच्या आधी व्हिडिओ कॉलवर बोलवा, घराचा दरवाजा आणि झोपायची जागा दाखवायला सांगा, पत्ता मजल्यासकट घ्या. खोली वेगळी आहे का, आतून कडी लागते का, हे सरळ विचारायचं. चांगल्या यजमानाला याचा राग येत नाही. काही बिघडलंच तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक. स्त्रियांवरील हिंसेसाठी ०१६ ही वेगळी हेल्पलाइन आहे आणि ती अनेक भाषांत चालते.

भारतातून थेट व्हिसा काढून जाणाऱ्यांसाठी एक वेगळाच सापळा तयार आहे. खाजगी घरी राहणार असं अर्जात लिहिलं की 'कार्ता दे इन्विताथियोन' लागतं, आणि हे निमंत्रणपत्र स्पेनचे राष्ट्रीय पोलीस देतात. यजमानाने स्वतः पोलीस कार्यालयात अर्ज करायचा, कागदपत्रं जोडायची, शुल्क भरायचं, आणि मूळ प्रत भारतात पाठवायची. शंभर-दीडशे युरोंत 'निमंत्रणपत्र' मेलवर पाठवणारा सोफामालक स्वतःच्या सहीचा कागद विकतो आहे. व्हिसासाठी त्याचा उपयोग शून्य.

खोलीसाठी पैसेच मोजायचे तर बार्सिलोनात जाहिरातीवरचा परवाना क्रमांक बघा. पर्यटकांच्या घरांचा क्रमांक एच-यू-टी-बी या अक्षरांनी सुरू होतो आणि तो खरा आहे का हे महापालिकेच्या संकेतस्थळावर पडताळता येतं. क्रमांक टाकल्यावर येणारा पत्ता जाहिरातीतल्या पत्त्याशी जुळला पाहिजे. दुसऱ्याचा क्रमांक उचलून चिकटवणं ही नेहमीची चलाखी. इमारतीवर निळी पाटी आणि तिच्यावर एच-एस किंवा पी दिसली तर तो नोंदणीकृत ओस्ताल किंवा पेन्सिऑन. ओस्ताल म्हणजे हॉस्टेल नव्हे, छोट्या खोल्यांचं साधं हॉटेल. दोघं असाल तर कधीकधी ओस्तालची खोली हॉस्टेलच्या दोन खाटांपेक्षा स्वस्त पडते, हे फारसं कुणी बघतच नाही.

रात्रीच्या बसने उतरणाऱ्यांचं सामान जातं ते बहुतेक वेळा स्थानकातच. बार्सिलोनाची सान्त्स आणि एस्तासिओ देल नोर्द, माद्रिदची एस्तासिओन सूर, या जागा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. कुणीतरी पाठीवर पडलेला डाग दाखवतो, लगबगीने टिश्यू काढून पुसायलाही लागतो. डाग त्यानेच टाकलेला असतो. तुम्ही मान वळवून खांदा बघता तेवढ्यात दुसरा बॅग उचलून चालू लागतो, पळत नाही, चालतो. डाग राहू द्या, बॅगेचा पट्टा पायात अडकवा आणि पुढे चला. बसमध्ये पासपोर्टची पिशवी डोक्यावरच्या रॅकवर ठेवू नये, कितीही झोप आली तरी.

बार्सिलोनाच्या तिकीट यंत्राशेजारी मदतीला धावून येणारा माणूस वापरलेलं कार्ड विकतो. दुसरी चूक मात्र आपण स्वतः करतो: टी-काज्वाल या दहा फेऱ्यांच्या तिकिटावर दोघांनी जायचं. ते एकाच माणसाने वापरायचं तिकीट आहे. तपासनीस आला तर दंड १०० युरो, जागेवर भरला तर ५०. शिवाय विमानतळाच्या दोन मेट्रो स्थानकांवर ते चालत नाही. त्याच तिकिटावर विमानतळाहून शहरात यायचं तर रोदालियेसची लोकल किंवा प्लासा एस्पान्याला जाणारी ४६ क्रमांकाची बस.

ग्रानादा आणि सेव्हिलच्या कॅथीड्रलबाहेर रोझमेरीची डहाळी घेऊन बायका उभ्या असतात. 'भेट आहे, पैसे नकोत' म्हणत डहाळी हातात कोंबतात आणि तोच हात उलटा करून भविष्य सांगू लागतात. दोन मुलं, लांबचा प्रवास, दीर्घायुष्य. मग पैसे. नाणं दिलं तर 'नाण्याने अपशकुन होतो, नोट हवी', आणि पाकीट उघडल्यावर नोट त्याच निवडतात. हात दाखवून अवलक्षण याचा इतका शब्दशः प्रकार दुसरीकडे बघायला मिळणार नाही. हात खिशात ठेवा, थांबू नका.

ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा या किल्ल्याच्या दारात तिकीट विकणाऱ्याकडे तर बघूच नये. तिथलं तिकीट नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं, आत मूळ ओळखपत्र तपासतात, आणि किल्ल्यातल्या नासरी राजवाड्यांची ठरलेली वेळ चुकली की प्रवेश नाही. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यायचं, नाहीच मिळालं तर आतला पाचव्या कार्लोसचा राजवाडा आणि भोवतालची झाडी विनातिकीट बघता येते. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चचं तिकीटही ऑनलाइनच काढावं. आणि माद्रिदच्या प्रादो संग्रहालयासाठी कुणाला पैसे देण्याआधी हे लक्षात घ्या की शेवटचे दोन तास प्रवेश विनामूल्य असतो: सोमवार ते शनिवार ६ ते ८, रविवारी ५ ते ७. रांग लांब दिसते, पण सरकते भराभर.

एटीएमचा पडदा 'रुपयांत व्यवहार करायचा का' असं विचारतो, आपल्या रुपयाची खूण बघून बरं वाटतं, आणि तिथेच वाईट दर गळ्यात पडतो. 'रूपांतर नको' निवडा, पैसे युरोतच कापू द्या. बाहेर पडताना कुणी 'तुमची नोट खाली पडली' म्हणालं तर आधी कार्ड हातात घ्या, मग खाली बघा. पोलिसांच्या भाषेत या डावाला 'सिएम्ब्रा', म्हणजे पेरणी म्हणतात. नोट पेरतात आणि कार्ड उपटतात. हॉटेलात न मागवलेलं बिलावर दिसलं तर आवाज चढवायची गरज नाही. 'ओहा दे रेक्लामाथियोनेस' मागायचा. हा तक्रारीचा फॉर्म प्रत्येक आस्थापनाला ठेवावाच लागतो, आणि तो मागितल्यावर बिल बऱ्याचदा आपोआप दुरुस्त होतं. नळाचं पाणी विनामूल्य देणं २०२२ च्या कचराविषयक कायद्याने बंधनकारक आहे; 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा, नाहीतर बाटली येते.

इतकं करूनही चोरी झालीच तर क्रम असा. आधी कार्ड बंद. जर्मन कार्डांसाठी परदेशातून +४९ ११६ ११६. मग 'देनुन्सिया', म्हणजे पोलिसांची लेखी तक्रार, कारण तिच्याशिवाय विमा कंपनी अर्ज हातातही घेत नाही. माद्रिदमध्ये परदेशी पर्यटकांसाठी साते नावाचं केंद्र कायये लेगानितोस १९ इथे आहे, कातालोनियात, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रदेशात, हे काम तिथले प्रादेशिक पोलीस मोसोस द एस्क्वाद्रा करतात. 'हरवलं' असं लिहू देऊ नका, चोरी असेल तर चोरीच लिहून घ्या. विम्यात दोन्हींचा हिशेब वेगळा होतो. पासपोर्ट गेला असेल तर भारतीय दूतावास माद्रिदमध्ये आव्हेनिदा पीओ दोसेवर आहे. तिथे घाईत 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मागू नका. त्यावर फक्त भारतात परतता येतं, आणि तुमची खोली, परीक्षा आणि वास्तव्याचा परवाना जर्मनीत असेल तर ते काही उपयोगाचं नाही. नवा पासपोर्ट हवा असं सांगा, आणि त्यासाठी देनुन्सियाची प्रत, जुन्या पासपोर्टचं स्कॅन व परवान्याची प्रत सोबत न्या.