बोटाने गिअर की पायाने? होंडा रँचर ईएस, ९ महिन्यांनंतर

अमेरिकेत उत्तर विस्कॉन्सिनमध्ये आमचं घर मुख्य रस्त्यापासून आत आहे, आणि मधला कच्चा, चढाचा रस्ता बर्फातून मोकळा करणं ही आमचीच जबाबदारी. पाच हिवाळे आम्ही दर वेळी पैसे मोजून दुसऱ्याच्या ट्रककडून तो साफ करून घेतला. गेल्या सप्टेंबरात एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालणारी, हँडलची छोटी चारचाकी) घेतली, होंडा फोरट्रॅक्स रँचर ४२०, चारही चाकांना ताकद देणारी, ईएस. आता मे संपत आलाय. घेण्याआधी मला हवी असलेली माहिती मराठीत कुठेच मिळाली नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी एक गैरसमज दूर करते. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक शिफ्ट. ती ऑटोमॅटिक नव्हे. गिअर पाचच आहेत आणि ते तुम्हालाच बदलायचे आहेत, फक्त पायाऐवजी डाव्या अंगठ्याने. हँडलवर दोन बाण असतात. वरचा दाबला की एक छोटी मोटर गिअरचा दांडा फिरवते, पायाच्या गिअरच्या गाडीत जो पायाने फिरतो तोच. आतली गिअरपेटी दोन्हींत सारखीच. हाताचा क्लच दोन्हींना नाही. ज्यांनी हिरो होंडा स्ट्रीट चालवली असेल त्यांना हे लगेच कळेल: क्लच नाही, गिअर मात्र आहेत. पूर्ण ऑटोमॅटिक रँचर वेगळी मिळते आणि ती बरीच महाग आहे. अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या एटीव्हीत नुसता अंगठा दाबला की झालं, तसं इथे नाही.

शेजारच्या आजोबांकडे हीच गाडी पायाच्या गिअरची आहे. त्यांनी दोन शनिवार-रविवार ती मला वापरायला दिली, म्हणून तुलना अंदाजाने करत नाहीये. पायाच्या गिअरचं एक सुख बोटाच्या गिअरला नाही. पायाची दांडी दाबून धरली की क्लच सुटलेला राहतो, आणि पाय हळूहळू सोडला तर तो तितक्याच हळुवार लागतो. लाकडांनी भरलेली ट्रॉली उतारावरून आणताना गिअर उतरवायचा तर हा ताबा सोन्यासारखा वाटतो. बाणाच्या गाडीत गिअर मोटर बदलते, तिच्या ठरलेल्या वेगाने. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून बाण दाबला तर बदल मऊ होतो, अर्धवट सोडला तर मानेला हिसका बसतो. हे अंगवळणी पडायला मला पंधरा दिवस लागले.

तरी मी ईएस घेतली ती बुटांमुळे. इथे जानेवारीत उणे २० सेल्सिअस ही नेहमीची गोष्ट. त्या थंडीचे बूट इतके जाड की बुटाचं नाक दांडीखाली शिरत नाही, आणि शिरलं तर गिअर पडला की नाही ते कळत नाही. दांडीभोवती बर्फ साचून गोठतो तो वेगळाच. शिवाय माझ्या नवऱ्याचा डावा घोटा तीन वर्षांपूर्वी मोडला होता, त्याला दांडी उचलणं दुखतं. बर्फ ढकलण्याचं काम म्हणजे पुढे, मागे, पुन्हा पुढे. एका सकाळी साठ-सत्तर वेळा रिव्हर्स पडतो. ईएसमध्ये हे सगळं डाव्या हातात आहे: ब्रेक आवळायचा, रिव्हर्सचा खटका दाबायचा, अंगठ्याने खालचा बाण. पाय जागचा हलत नाही. घोटा, गुडघा दुखत असेल किंवा गाडी मुख्यतः बर्फासाठी घेत असाल, तर किमतीतला काही शे डॉलरचा फरक विनातक्रार द्या. उन्हाळ्यात शेतात ओझं ओढायचं असेल आणि पाय धडधाकट असतील, तर पायाचाच गिअर घ्या. माझं मत अगदी स्पष्ट आहे.

इंजिनाची ताकद गिअरऐवजी रबरी पट्ट्याने चाकांकडे नेणारी ऑटोमॅटिक मी पाहिलीच नाही. संथ वेगात जड बर्फ ढकलताना तो पट्टा तापतो आणि घसरतो. रँचरमध्ये पट्टाच नाही.

आता जोडण्या. मला सर्वात जास्त सांगायचंय ते इथेच, कारण गिअरची निवड आणि जोडण्यांची निवड या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्ही एकाच बॅटरीवर जगतात.

मी पुढे २,५०० पौंड वजन ओढणारी विंच (तार गुंडाळून ओढणारी विजेची मोटर) लावली आणि तिच्यावर बर्फ ढकलायचं ५० इंची पातं. ६० इंची घेऊ नका. तिरकं केल्यावर ५० इंच चाकांचा माग झाकायला पुरतं आणि ४२० सीसीच्या इंजिनाला पेलतं. पातं उचलताना विंचची तार सतत एकाच जागी वाकते आणि आठवड्याभरात तिचे धागे तुटून हाताला टोचू लागतात, म्हणून तिथे कृत्रिम धाग्याची दोरी बांधा. मागच्या कॅरिअरवर वाळूच्या दोन पिशव्या ठेवा, नाहीतर मागची चाकं नुसती फिरत राहतात. त्या कॅरिअरची मर्यादा ६० किलो आणि पुढच्याची ३० किलो, हे लक्षात ठेवा.

मग मी हँडलला गरम होणाऱ्या मुठी बसवल्या. तारा थेट बॅटरीला जोडल्या, कारण ते सोपं होतं. जानेवारीत एका रात्री मुठी चालू राहिल्या. सकाळी बॅटरी मेलेली, बाहेर उणे २४. पातं जमिनीवर टेकलेलं, विंचला वीज नाही म्हणून ते उचलत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि बाण दाबून काहीच होत नाही, कारण गिअरची मोटरही त्याच बॅटरीवर. पावणेतीनशे किलोची गाडी, तिला ढकलून गराजात न्यायचं तर इंजिनच आडवं येतं. पायाच्या गिअरला दांडी खाली दाबली की न्यूट्रल मिळाला असता. नवऱ्याला इथून इस्पितळात ड्यूटीवर जायचं होतं आणि वाट बंद. त्या सकाळची धास्ती अजून आठवते.

सुटका गाडीबरोबरच्या अवजारांच्या पिशवीत होती. ईएसच्या इंजिनाच्या डाव्या बाजूला गिअरच्या दांड्याचं टोक बाहेर असतं, आणि त्यावर बसवायचं अवजार त्या पिशवीत दिलेलं असतं. इंजिन बंद ठेवून ते फिरवायचं आणि दुसऱ्याने गाडी जराशी मागेपुढे हलवायची. चार-पाच प्रयत्नांत न्यूट्रल पडला. गाडी घेतल्या दिवशीच हे एकदा करून बघा, अंगणात, उन्हात.

त्यानंतर मुठी रिलेमधून (विजेवर चालणारा खटका) चावीवर घेतल्या: चावी बंद, मुठी बंद. रात्री बॅटरी मंद चार्जरला लावून ठेवते. हॅलोजनचे जादा दिवे परत केले आणि एक लहान एलईडी लावला. विंच एका वेळी दोन-तीन सेकंदच दाबते. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदाही अडचण आली नाही.

एक साधी वस्तू, जी सगळ्यात उपयोगी पडली: कमी दाब मोजणारा गेज. या टायरांत हवा चार पीएसआयच्या आसपास लागते. कारचा नेहमीचा गेज तिथे काहीच नीट दाखवत नाही, आणि थंडीत दाब आणखी उतरतो. एका टायरात अर्ध्या पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते.

भारतातून पाहुणे आले की मुलं मागे बसायचा हट्ट करतात. ही गाडी एकट्यासाठी आहे. मागे माणूस बसला की चढावर ती पुढून उचलली जाऊ शकते. आमच्याकडे कितीही जवळचं माणूस आलं तरी मी नाही म्हणते, आणि हेल्मेटशिवाय चावी देत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही मागे लाकडांची ट्रॉली लावणार आहोत. ओढायची मर्यादा ३८५ किलो आहे. भरलेली ट्रॉली उतारावरून आणायची असेल तेव्हा मात्र शेजारच्या आजोबांची पायाच्या गिअरची गाडी उसनी आणेन.