‘परमिट घ्या, फिल्टर विसरा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

सुरतच्या पांडेसऱ्यात आमचं छोटं प्रोसेस हाऊस आहे. ग्रे (म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं) कापड येतं, रंगाई-छपाई होऊन जातं. कोळशावरचा एक बॉयलर, एक थर्मोपॅक (तेल तापवून यंत्रांना उष्णता देणारी भट्टी) आणि एक चिमणी, एवढाच पसारा. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. खान्देशातून आलेली आमच्यासारखी माणसं या भागात भरपूर आहेत, मिलमध्ये राबणारीही आणि मिल चालवणारीही. धुराच्या परमिटांच्या नावाखाली आम्हाला लुबाडणारा याच ओळखीचा धागा धरून आत शिरला. तो आता भिवंडीकडे फिरतोय असं कानावर आलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी ही परमिटांची योजना काय आहे ते सांगतो, कारण ती नीट ठाऊक नसते तिथेच हे लोक हात मारतात. पूर्वी प्रत्येक चिमणीला एकच नियम होता: धुरातली धूळ घनमीटरला 150 मिलिग्रॅमच्या आत ठेवा. अधूनमधून कोणी येऊन नमुना घेणार, त्या एका दिवसावर सगळं ठरणार. 2019 मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतमध्ये वेगळी पद्धत आणली. धुळीच्या कणांसाठीचा असा बाजार जगात पहिलाच. चिमणीवर ऑनलाइन मीटर बसतं आणि किती किलो धूळ बाहेर पडली ते मोजलं जातं. जितके किलो धूळ, तितक्या किलोची परमिटं ठरावीक मुदतीच्या शेवटी खात्यात असावी लागतात. 80 टक्के परमिटं सुरुवातीला मोफत मिळतात, उरलेली लिलावात येतात. ज्याने धूळ कमी केली तो शिल्लक परमिटं विकतो, ज्याची जास्त झाली तो विकत घेतो. भाव किलोला 5 रुपयांच्या खाली आणि 100 रुपयांच्या वर जात नाही. सगळी खरेदी-विक्री एनसीडीईएक्स ई-मार्केट्स या ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीच्या संगणक प्रणालीवर नोंदली जाते.

यातली खरी गोम एकूण मर्यादेत आहे. बाजारातल्या सगळ्या कारखान्यांची मिळून महिन्याला 280 टन अशी सुरुवात झाली आणि ती पुढे 170 टनांपर्यंत खाली आणली गेली. म्हणजे परमिट विकत मिळतं, पण एकूण धूर वाढवण्याची मुभा कुणालाच मिळत नाही. अभ्यासकांनी नंतर मोजून पाहिलं, तेव्हा जुन्याच नियमाखाली राहिलेल्या कारखान्यांपेक्षा बाजारातल्या कारखान्यांची धूळ 20 ते 30 टक्के कमी भरली. ही योजना चांगली आहे, असं मी आजही ठामपणे म्हणतो. आम्हाला योजनेने नाही फसवलं, तिच्या नावाखाली एका माणसाने फसवलं.

तो आला तेव्हा मोठ्या भावाशी अहिराणीत बोलला. ‘दादा, आपल्या गावाकडची माणसं बुडायला नकोत,’ असं म्हणत त्याने मंडळाच्या परिपत्रकांची जाड फाईल टेबलावर ठेवली. त्याचं म्हणणं असं की आता फिल्टरवर खर्च करायची गरजच उरली नाही. धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या कापडी पिशव्या बदलू नका, धूळ वेगळी करणारं सायक्लोन साफ करायला माणूस ठेवू नका. मी स्वस्तात परमिटं आणून देतो, धूर कितीही सोडा. वर्षाची ठरावीक फी आणि ‘ट्रेडिंगच्या नफ्यात’ तीस टक्के हिस्सा. कामाच्या सोयीसाठी खात्याचा लॉगिन त्याच्याकडे, आणि सूचना येण्यासाठी ईमेलही त्याचाच.

पहिल्याच मुदतीत त्याने आमच्या बँकेत पैसे जमा झालेले दाखवले. ‘हा बघा नफा.’ त्याने त्यातला हिस्सा घेतला. प्रत्यक्षात ती आमचीच मोफत मिळालेली परमिटं होती. मुदतीच्या सुरुवातीलाच त्याने ती विकून टाकली होती. तिकडे पिशव्या फाटलेल्या, मीटर रोज चढतं, आणि खात्यातली शिल्लक उतरते. आम्हाला मात्र तो दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर हिरव्या रंगातला एक तक्ता पाठवायचा, ज्यात सगळं आलबेल असायचं.

मग तो म्हणाला की एक मोठी मिल बंद पडतेय, तिची परमिटं बाजाराबाहेर निम्म्या भावात मिळतायत, रोख लागेल. आम्ही काही रक्कम रोख दिली, काही त्याच्या वैयक्तिक खात्यात यूपीआयने. बदल्यात शिक्क्याचं, होलोग्राम लावलेलं ‘परमिट प्रमाणपत्र’ मिळालं. त्या कागदाला काडीची किंमत नाही. परमिट कागदावर नसतं, ते प्रणालीतल्या तुमच्या खात्यात आकड्याच्या रूपात असतं, आणि तिथे दिसत नसेल तर ते नाहीच.

मुदत संपल्यावर हिशेब जुळवायला थोडे दिवस मिळतात. त्या सूचना त्याच्या ईमेलवर गेल्या, आमच्यापर्यंत आल्याच नाहीत. कमी पडलेल्या प्रत्येक किलोमागे भावाच्या कमाल मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे 200 रुपये, आमच्या आगाऊ भरलेल्या अनामतीतून वळते झाले. एक टन कमी पडलं की दोन लाख गेले. तीच परमिटं बाजारात 10 रुपये किलोने घेतली असती तर दहा हजारांत भागलं असतं. पिशव्या वेळेवर बदलल्या असत्या तर बहुतेक घ्यावीच लागली नसती. आमची अनामत गेली, त्याला दिलेले पैसे गेले, वर ती अनामत पुन्हा भरावी लागली.

त्या महिन्यांत आमच्या चिमणीतून जे बाहेर पडलं ते कुठे गेलं, याचा मला पैशांपेक्षा जास्त त्रास होतो. आमच्या मिलमागेच कामगारांच्या खोल्या आहेत. एका खोलीत चार-सहा माणसं पाळीपाळीने झोपतात, बायका गच्चीवर कपडे वाळत घालतात. त्यातली निम्मी आमच्याच तालुक्यांतली. ‘धूर कितीही सोडा’ असं सांगणारा माणूस त्यांच्या छातीत काय जाणार याचाही सौदा करत होता.

शेवटी-शेवटी त्याने रात्रपाळीला मीटर बंद ठेवण्याचाही सल्ला दिला होता. दादांनी तो मानला नाही, आणि मानूही नका. आकडे आले नाहीत तर शून्य धरत नाहीत, त्या तासांसाठी चढा अंदाज धरतात. तुमच्याच खात्यातून जास्त किलो वजा होतात.

गुजरातेत एक प्रयोग झाला होता. प्रदूषणाची तपासणी करणाऱ्या लेखापरीक्षकाला कारखानदारच निवडतो आणि पैसे देतो तोपर्यंत तो ‘सगळं मर्यादेत’ असंच लिहितो. चिठ्ठ्या टाकून त्याची नेमणूक झाली आणि पगार सामायिक निधीतून मिळाला की आकडे खरे येऊ लागतात, असं त्यात दिसलं. आमचा हिरवा तक्ता त्याच जातीचा. आपण पैसे दिलेल्या माणसाने पाठवलेल्या आकड्यावर विसंबू नका, प्रणालीत स्वतः शिरून बघा.

महाराष्ट्रातल्या कारखानदारांसाठी आणखी एक. हा माणूस आता ‘कार्बन क्रेडिट’ हा शब्द वापरतोय म्हणे. केंद्राची 2023 ची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना सुरतच्या धूळ-बाजारापेक्षा पूर्ण वेगळी आहे. तिथे हिशेब हरितगृह वायूंचा, टनांत होतो, आणि कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे आहे. तिथलं क्रेडिट घेतलं म्हणून तुमच्या चिमणीच्या धुळीला सूट मिळत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जी मर्यादा लिहिली आहे ती पाळावीच लागते. दोन्ही एकत्र कालवून कोणी प्रमाणपत्र विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे आणि यूपीआयच्या रकमेसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंद केली आहे. अजून एक पैसाही परत आलेला नाही. रोख दिलेल्या रकमेचा पुरावा आमच्याकडे नाही, पण होलोग्रामवालं प्रमाणपत्र आणि त्याचे सगळे संदेश आम्ही जपून ठेवलेत. पांडेसरा, सचिन, पलसाणा भागात अजून कुणाकडे तसलंच प्रमाणपत्र असेल तर ते फाडू नका, संदेश पुसू नका, आणि आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तक्रारी एकापेक्षा जास्त झाल्या तर तपास पुढे सरकेल असं आम्हाला सांगण्यात आलंय. आणि बाजाराच्या खात्याला कुणाचा ईमेल आणि मोबाइल जोडलेला आहे, ते आजच उघडून बघा.