जुन्या एमएक्स-५ ला रुंद चाके : आठ महिने आणि सात हजार किलोमीटरनंतर

माझी माझदा एमएक्स-५ ही १९९५ सालची, पहिल्या पिढीतली, १.८ लिटर इंजिनाची गाडी आहे. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो आणि मार्च ते ऑक्टोबर एवढ्याच काळात ती बाहेर काढतो. तिची मूळ चाके १४ इंची, ६ इंच रुंद, आणि त्यांवर १८५/६० मापाचे (रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ६० टक्के) टायर होते. टायरच्या कडेवरचे, निर्मितीचा आठवडा आणि साल सांगणारे चार आकडे वाचले तेव्हा ते अकरा वर्षांचे निघाले. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर नखाने दाबले तरी दबत नव्हते. १४ इंचात चांगल्या पकडीचे टायर आता फारसे मिळत नाहीत, म्हणून १५ इंचांकडे वळलो, हे घरी सांगितलेले कारण. चाके मडगार्डच्या आत खोल बसलेली दिसत आणि ते मला बरीच वर्षे सलत होते, हे दुसरे कारण, आणि तेही तितकेच खरे आहे.

चाक निवडताना बहुतेकांचे लक्ष रुंदीकडे जाते, माझेही गेले. प्रत्यक्षात सगळा खेळ ऑफसेटचा असतो. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, टेकणारा पृष्ठभाग यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. मूळ चाकाचा तो ४५ मिलिमीटर होता आणि मी घेतलेल्या ७ इंच रुंद चाकाचा ३५ आहे. एक इंच वाढलेल्या रुंदीपैकी १२.७ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला गेले, त्यात ऑफसेट घटल्याचे १० मिळाले, म्हणजे चाकाची बाहेरची कड तब्बल २२.७ मिलिमीटर बाहेर आली, तर आतली कड केवळ २.७ मिलिमीटर आत सरकली. हे गणित कागदावर मांडले असते तर स्पेसर, म्हणजे चाक आणखी बाहेर सरकवण्यासाठी हब आणि चाक यांमध्ये घालायच्या चकत्या, मागवण्याची वेळच आली नसती. पण ते मी स्पेसर मागवल्यानंतर मांडले.

टायर १९५/५० घेतले. त्यांचा व्यास ५७६ मिलिमीटर भरतो आणि मूळ टायरचा ५७७.६ होता, त्यामुळे स्पीडोमीटरमध्ये जाणवण्याजोगा फरक पडत नाही. २०५/५० घेतले असते तर व्यास ५८६ झाला असता, मडगार्डखालची जागा कमी झाली असती आणि काटा खऱ्या वेगाच्या तुलनेत दीड टक्क्याने मागे पडला असता. जेमतेम टनभर वजनाच्या गाडीला २०५ ची गरज आहे असे मला आजही वाटत नाही.

आता स्पेसरविषयी. मागच्या चाकांसाठी ५ मिलिमीटरची जोडी घेतली होती. विक्रेत्याने सोबतचा मान्यतेचा कागद कुठल्याही चाकाला चालतो असे छातीठोकपणे सांगितले. तो कागद फक्त मूळ मापाच्या चाकांपुरता होता, हे मला नव्या मापांच्या नोंदीसाठी झालेल्या तपासणीच्या दिवशी कळले. शुक्रवारी संध्याकाळी सगळे बसवले. तपासणीसाठी सोमवारची वेळ ठरलेली असल्यामुळे तोवर गाडी उभी ठेवणेच योग्य होते, तरी रविवारी श्वार्त्सवाल्डच्या डोंगराळ जंगलाकडे एक फेरी मारलीच. शेजारी पत्नी, मागे थोडे सामान, आणि एका वळणावर रस्ता खचलेला होता तिथे मागून ‘खर्र’ असा आवाज आला. घरी येऊन टॉर्च लावून पाहिले तर टायरच्या खांद्यावर बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी उमटली होती आणि मडगार्डच्या आतल्या कडेवरचा काळा लेप खरवडून त्याचे तुकडे सस्पेन्शनच्या दांड्यावर पडले होते. ही कड आत दुमडून घेता येते, पण त्यात जुना रंग तडकतो, आणि या गाड्यांना मागच्या चाकापुढच्या पट्टीतच गंज लागतो हे ठाऊक असताना मी तिथे हत्यार लावायला तयार नव्हतो.

दुसरी अडचण थरथरीची. स्पेसरने हबचा मधला उंचवटा झाकला गेला, चाक त्यावर न टेकता केवळ नटांच्या आधारावर मध्यात बसू लागले, आणि ताशी ११० च्या आसपास सीट थरथरू लागली. तिसरी गोष्ट याहून गंभीर होती. पूर्वी नट हाताने नऊ फेरे आत जात असे. आता सहासुद्धा होईनात. या गाडीचे स्टड, म्हणजे नट ज्यांवर चढतात ते हबवरचे दांडे, १२ मिलिमीटर जाडीचे आणि दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे आहेत, आणि स्टडच्या जाडीएवढी पकड म्हणजे आठ फेरे तरी हवेत असे मी मानतो. स्पेसर लावायचाच असेल तर लांब स्टड आणि स्वतःचा उंचवटा असलेला स्पेसर घ्यावा. नुसती चकती सरकवून मोकळे होऊ नये.

सोमवारी तपासनीसाने एक पुढचे आणि त्याच्या तिरकस समोरचे मागचे चाक ठोकळ्यांवर चढवले, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवले आणि मागच्या मडगार्डमध्ये बोट घालून मान हलवली. शिवाय चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांपर्यंत टायर वरून झाकलेला असावा लागतो, तोही थोडा बाहेर डोकावत होता. स्पेसर काढून आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हा गाडीच्या कागदांत नव्या मापांची नोंद विनातक्रार झाली. जर्मनीत ही नोंद नसेल तर गाडीचा रस्त्यावर धावण्याचा परवानाच धोक्यात येतो, म्हणून चाकाच्या किमतीत हा खर्च आधीच धरावा.

त्यानंतरचे महिने समाधानाचे गेले आहेत. वळणावर गाडी लगेच शब्द ऐकते, ओल्या रस्त्यावरचा ब्रेक पूर्वीपेक्षा कितीतरी विश्वासाचा वाटतो. अर्थात त्यातले बरेचसे श्रेय रुंदीचे नसून ताज्या रबराचे आहे. तोटेही आहेत. ट्रकांनी चर पाडलेल्या उजव्या लेनमध्ये गाडी त्या चरांच्या मागे जाऊ पाहते आणि स्टिअरिंग धरून ठेवावे लागते. घरच्या वजनकाट्यावर टायरसह मूळ चाक १३ किलोच्या आसपास होते, नवे दीड किलोने जड आहे, आणि खडबडीत रस्त्यावर ते कळते. टायरवाल्याने सवयीने २.४ बार हवा भरली होती, तेव्हा गाडी टणाटण उडत होती. कारखान्याने सांगितलेल्या १.८ बारवर आणल्यावर ती पुन्हा माणसात आली.

पुण्यातल्या भावाने विचारले की त्याच्या पहिल्या पिढीच्या स्विफ्टला ही चाके बसतील का. चार नट, त्यांचे १०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ, ५४.१ चे मधले भोक, सगळे जुळते. फक्त सुझुकीच्या नटांचे आटे १.२५ चे असतात, तेव्हा माझे नट त्याच्या स्टडवर जबरदस्तीने चढवू नयेत असे त्याला बजावले. ज्यांच्याकडे १.६ लिटरची, साडेपाच इंची मूळ चाकांची एमएक्स-५ आहे त्यांनी मात्र वरचे आकडे तसेच उचलू नयेत. त्यांची बाहेरची कड २९ मिलिमीटर सरकेल.

मूळ चाकांवर मी आता नवे १८५/६० चढवून ठेवणार आहे. स्पेसर तळघरात आहेत, रंगाच्या डब्यांखाली. तिथे ते अगदी नीट बसले आहेत.