लॉज कंपनीचा १२ इंची कॅम्प डच ओव्हन: शिकारीच्या तळावर

अमेरिकेतल्या कोलोराडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला तंबू ठोकून राहणाऱ्यांसाठी हे तीन पायांचं बिडाचं भांडं. ६ क्वार्टचं, म्हणजे साडेपाच लिटरहून थोडं जास्त. सहा-सात जणांचा रस्सा आरामात होतो. वजन मात्र ९ किलोच्या आसपास! गाडी तळापर्यंत जात असेल तरच न्या.

झाकणाला उभी कड आहे, त्यामुळे वरही निखारे ठेवता येतात. भाजायला साधारण १७५ अंशांसाठी २४ ब्रिकेट (कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या) लागतात: १६ वर, ८ खाली. रश्शाला उलट, खाली जास्त. दर पंधरा मिनिटांनी भांडं एका दिशेला आणि झाकण विरुद्ध दिशेला पाव वळसा फिरवा, नाहीतर एक बाजू करपते. मऊ मातीत पाय रुततात आणि निखारे गुदमरतात. खाली सपाट दगड हवा.

एल्कच्या मांसात चरबी नावालाच. आधी तेलात कांद्यावर परतून घ्या, मग पाणी घालून मंद आचेवर अडीच-तीन तास. २७०० मीटर उंचीवर पाणी ९१ अंशांनाच उकळतं, म्हणून राजमा रात्रभर भिजवूनही शिजता शिजत नाही. तो घरूनच शिजवून न्यावा.

टोमॅटो तासन्‌तास उकळला तर भांड्यावर भाजून बसवलेला तेलाचा थर निघतो, चव लोखंडी लागते. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतलं की तडा जाऊ शकतो. झाकण उचलायचा आकडा वेगळा घ्या. चिमट्याने उचललं की राख थेट रश्शात. आणि वणव्यामुळे निखाऱ्यांवर बंदी असेल, तर गॅसची शेगडी हवीच.