ईलॅबएफटीडब्ल्यू: वही बंद झाली, चिठ्ठ्या नाहीत

पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये जन्मलेली ही इलेक्ट्रॉनिक लॅबवही मुक्तस्रोत आहे. स्वतःच्या सर्व्हरवर बसवली तर परवान्याचा खर्च शून्य. कलिना-माटुंग्याकडच्या ज्या लॅबना दरवर्षीची वर्गणी ग्रँटमध्ये बसवता येत नाही, त्यांनी आधी हीच बघावी. लिनक्स, डॉकर आणि मायएसक्यूएल ही सर्व्हरची सॉफ्टवेअर सांभाळणारा एक माणूस मात्र लागतो. बॅकअपमध्ये डेटाबेसबरोबर अपलोडचा फोल्डर आणि गुप्त किल्ली असलेली कॉन्फिग फाइलही घ्यायची. फोल्डर घ्यायचा राहिला तर नोंदी परत येतात, त्यांना जोडलेले जेलचे फोटो येत नाहीत.

टेम्प्लेट, लॉक, जुन्या आवृत्त्या, यंत्रांचं बुकिंग, सगळं चोख. घोडं अडतं ते तराजूपाशी. तराजू एका खोलीत, कॉम्प्युटर दुसरीकडे, हातात ग्लोव्हज. वजन टिश्यूवर लिहिलं जातं आणि संध्याकाळी फास्ट लोकल गाठायच्या घाईत दिवसभराचं एकदम भरलं जातं. ०.२०४३ ग्रॅमचं ०.२४०३ तिथे होतं. वर टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेचा डिजिटल शिक्का, मारला तरी तो मजकूर त्या वेळी होता एवढंच सिद्ध होतं, वजन कधी केलं ते नाही. तराजूशेजारी झिपच्या पिशवीत एक जुना टॅब ठेवा. बाटल्यांवरच्या बारकोडसाठी यूएसबी स्कॅनर घ्या. तो कीबोर्डसारखा चालतो आणि ग्लोव्हज न काढता दाबता येतो. लेबलं साध्या थर्मल कागदाची नकोत. इथेनॉल लागलं की ती काळी पडतात, आणि आपल्या दमट हवेत उणे २० चा फ्रीझर उघडला की दवाने सुटतात. अतिथंडीत टिकणारं क्रायो लेबल आणि त्यावर छापायची रेझिन रिबन महाग पडते, पण टिकते.

लॉगिनचा प्रश्न जास्त नाजूक. बफर बनवणारे, नव्या बाटल्या उघडणारे लॅब असिस्टंट काका खात्यांच्या यादीतच नसतात. त्यांचं काम सीनियरच्या नावावर चढतं आणि कोणी काय बदललं हा इतिहास निकामी होतो. त्यांना स्वतंत्र खातं द्या. ‘द्रावणं’ नावाचा विभाग करून लॉट नंबर, उघडल्याची तारीख, पीएच आणि कोणी बनवलं असे चारच रकाने ठेवा, तेही मराठीत. इंग्रजी फॉर्म समोर आला की माणूस पुन्हा चिठ्ठीकडे वळतो.

मूळ सेटिंगमध्ये ‘फेल’ असा एक शेरा आहे. मॅडम बघणार म्हटल्यावर तो कोण लावणार? प्रयोग महिनोन्महिने ‘चालू’च राहतात. अ‍ॅडमिनला शेरे बदलता येतात. ‘कारण शोधतोय’, ‘पुन्हा करायचा’ असे ठेवले तर लोक खरं लिहितात.

‘थोडे दिवस दोन्ही चालू ठेवू’ असं सर म्हणाले तर कागदी वही बंद करायची तारीख त्याच बैठकीत ठरवून घ्या. सही हवीच असेल तर दर शुक्रवारी पीडीएफ छापून फाइलला लावा.