पाच महिने की दोन दिवस? संपाच्या कागदावर सही करण्याआधी

द्वारसभा झाली, घोषणा देऊन घसा बसला आणि आता सह्यांचा कागद फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलाय. सही करायची की चर्चेची आणखी एक फेरी होऊ द्यायची? एसटीत या प्रश्नाची दोन उत्तरं तीन वर्षांच्या आत मिळून गेली आहेत: 2021-22 चा लांबलेला संप आणि सप्टेंबर 2024 चा दोन दिवसांचा. महामंडळ तेच, कामगारही बहुतेक तेच. हिशेब मात्र वेगळा निघाला.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस कामगार संघटनांच्या कृती समितीनं उपोषण केलं आणि महागाई भत्त्यावर तोडगा निघाल्यावर ते सोडलंही. कामगारांनी मात्र ऐकलं नाही. एकामागून एक आगारं बंद पडत गेली आणि मागणी एकावरच आली: एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण. कर्जानं पिचलेल्या सहकाऱ्यांनी आत्महत्या केल्या होत्या, म्हणून लोक म्हणायचे, ‘हा संप नाही, दुखवटा आहे.’ त्यामागची वेदना खरी होती, पण कोर्टात ते नाव टिकणार नव्हतं.

24 नोव्हेंबरला सरकारनं मूळ वेतनात वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना 5,000, वीसपर्यंत 4,000, त्यापुढच्यांना 2,500 रुपये. माझ्या मते परतायची वेळ तीच होती. संपाशिवाय हे पैसे मिळाले नसते हेही तितकंच खरं. पण जे मिळालं ते पहिल्या महिन्यात मिळालं. पुढे सरकारनं नेमलेल्या समितीनं विलीनीकरणाला नकार दिला, हजारो निलंबित आणि बडतर्फ झाले. एप्रिल 2022 मध्ये उच्च न्यायालयानं 22 तारखेपर्यंत हजर व्हा, नोकरी जाणार नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे बहुतेकांच्या नोकऱ्या वाचल्या.

आणि त्या वाढीतच पुढच्या भांडणाचं बी होतं. स्टिअरिंगवर पंचवीस वर्षं काढलेल्या चालकाला 2,500 आणि कालपरवा भरती झालेल्याला 5,000! एकाच बाकावर बसून दोघांनी पगाराच्या चिठ्ठ्या शेजारी धरल्या की काय बोलणं होत असेल, ते आगारात राहिलेल्याला सांगायला नको.

2024 चा संप याच फरकावरून झाला. 3 सप्टेंबरला गाड्या थांबल्या. 7 तारखेला गणपती, चाकरमान्यांची कोकणची तिकिटं काढून झालेली, विधानसभा निवडणूक तोंडावर. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांकडे बैठक झाली आणि आकडा ठरला: सरसकट 6,500. म्हणजे आधी 5,000 मिळालेल्यांना आणखी 1,500, 4,000 वाल्यांना 2,500 आणि 2,500 वाल्यांना 4,000. संप मिटला.

तारीख हुशारीनं निवडली होती हे उघड आहे. पण मला त्याहून मोठा फरक मागणीत दिसतो. विलीनीकरण म्हणजे महामंडळाची घडीच बदलणं. ते एका बैठकीत सही करून देण्याजोगं नव्हतं. वेतनातला फरक मात्र तसा देण्याजोगा होता. शिवाय कृती समिती बोलणी करत होती आणि तिनं ‘मिटलं’ म्हटल्यावर गाड्या सुटल्या. 2021 मध्ये तडजोड करणारे एक आणि आगार बंद ठेवणारे दुसरे, अशी गत होती.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठीचा मार्च 2023 चा संप या दोन्हींच्या मधला. 14 ते 20 मार्च, सात दिवस. हाती आली समिती. सुधारित योजना जाहीर व्हायला मार्च 2024 उजाडला. त्यात शेवटच्या वेतनाच्या 50 टक्के निवृत्तिवेतन आणि महागाई वाढ आली, पण मागितलेली जुनी पेन्शन जशीच्या तशी नाही. तेव्हा ‘समिती नेमतो’ असं ऐकलंत, तर अहवालाची तारीख लिहून घ्या.

तुम्ही मंत्रालयात किंवा तहसीलमध्ये असाल, तर 1979 च्या वर्तणूक नियमांनीच संपाला मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये सरकारी नोकरांना संपाचा हक्क नाही असं सांगितलंय. एसटीसारख्या ठिकाणी नोटीस हा नुसता उपचार नव्हे. नोटीस न देता दहा किंवा अधिक जण ठरवून गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा कायद्यात आहे. सगळ्यांनी एकदम किरकोळ रजा टाकायची जुनी युक्तीही आता चालणार नाही. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांची ठरवून घेतलेली सामूहिक किरकोळ रजा हा संपच.

कागदावर रुपयांचा आकडा, बोलणी कोण करणार त्याची नावं आणि नोटिशीची तारीख असेल, तर मी सही करीन. नुसतं ‘मागण्या मान्य होईपर्यंत बेमुदत’ असेल तर नाही करणार. आणि रोजंदारीवरच्या पोराला सहीसाठी कोपरखळी मारू नका, 2021 मध्ये सेवासमाप्तीची कुऱ्हाड आधी त्यांच्यावरच पडली होती. घरी गेल्यावर पगाराची चिठ्ठी काढा, बँकेचा हप्ता किती कापला जातो ते बघा आणि पगार बंद झाला तर तो किती महिने भरता येईल, ते घरच्यांबरोबर बसून मोजा.