पुण्याला बदली झालेल्या फौजी फॅमिलींनी भाड्याने घर घेण्याआधी हे वाचा (आमचे 40 हजार गेले)

आमचे हे आर्मीत हवालदार आहेत, माहेर सासर दोन्ही सातारा जिल्ह्यात. अंबाल्याहून पुण्यात खडकीला पोस्टिंग आली तेव्हा इतका आनंद झाला की बस, आठ वर्षांनी महाराष्ट्रात येणार, गाव दोन अडीच तासांवर. पण क्वार्टरची वेटिंग लांबलचक, वर्षभर तरी मिळणार नाही म्हणाले, म्हणजे तोवर एचआरए (घरभाडं भत्ता) घ्यायचा आणि सिव्हिलमध्ये भाड्याने राहायचं. पुणे एक्स सिटीत (भत्त्यासाठी सगळ्यात मोठ्या शहरांच्या वर्गात) येतं म्हणून बेसिकच्या 30 टक्के मिळतात, आमचं बजेट त्यातच बसवायचं होतं.

यांना युनिटमधून सुट्टी नव्हती म्हणून घर शोधायचं काम माझ्याकडे, ते पण अंबाल्यात बसून फोनवर. एका साइटवर लोहगावचा वन बीएचके दिसला, भाडं 14 हजार. फोन केला तर पलीकडून पहिलाच शब्द "जय हिंद वहिनी". म्हणे मी पण फौजी, आता रिटायर झालोय, फ्लॅट माझाच आहे, सोसायटीत निम्मी फौजी फॅमिली, कॉर्पोरेशनचं पाणी चोवीस तास, आर्मी स्कूलची बस गेटवर येते, खडकी पंधरा मिनिटं. मॅपचा स्क्रीनशॉट पण पाठवला, त्यात खरंच पंधरा सोळा मिनिटंच दिसत होती. आयकार्डचा फोटो पाठवला, कॅन्टीन कार्डाचा पाठवला. व्हिडिओत स्वच्छ किचन, खिडकीला लागून शेवग्याचं झाड, शेंगा हाताला येतील इतक्या जवळ. मुलीला दाखवला तर तिने लगेच आपली खोली ठरवून टाकली.

मग सुरू झालं, वहिनी अजून दोन फौजी फॅमिली बघतायत, टोकन टाका म्हणजे तुमचं नाव पक्कं. 10 हजार टाकले. चार दिवसांनी म्हणाला सोसायटीत सामानाचा ट्रक आत घ्यायला डिपॉझिट भरलेलं दाखवावं लागतं, 30 हजार टाका, ॲग्रीमेंट आल्यावर करू. ते पण टाकले. पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळंच येत होतं, विचारलं तर म्हणाला मेहुण्याचं अकाउंट आहे. मी मानलं, कारण फौजी माणूस फौजीच्या बायकापोरांना फसवेल हे माझ्या मनातच आलं नाही, आम्ही सगळी वर्षं एकमेकांच्या भरवशावरच काढलेली आहेत.

झेलम एक्सप्रेसने पुण्याला उतरलो, स्टेशनवरून त्याला फोन लावला तर स्विच ऑफ. रिक्षाने लोहगावला गेलो, बिल्डिंग सापडली, फ्लॅट नंबर सापडला, बेल वाजवली तर एका ताईंनी दार उघडलं, हाताला कणीक लागलेली. त्यांच्या मागे किचनच्या खिडकीत तेच शेवग्याचं झाड. त्या दोन महिन्यांपासून तिथे राहत होत्या, रजिस्टर ॲग्रीमेंट करून. फ्लॅट रिकामा असताना बरेच जण बघून गेले होते, त्यातल्याच कुणीतरी व्हिडिओ काढून नेलेला. मी दारातच खाली बसले. त्या ताईंनी पाणी दिलं, मुलांना पोहे केले, संध्याकाळपर्यंत बसवून घेतलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आणि तिथे बसल्या बसल्याच बाकीचं कळलं. संध्याकाळी पाण्याचा टँकर आला. लोहगाव 2017 ला महापालिकेत आलं, पण त्या सोसायटीला अजून टँकरच लागतो, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये वेगळे. शाळेची बस गेटवर येतच नाही. एअरफोर्स स्टेशन जवळ असल्याने सुखोई डोक्यावरून गेलं की धाकटा दचकून कान धरायचा. सकाळी विश्रांतवाडीच्या चौकातून खडकीला जायला पाऊण ते एक तास लागतो, त्याने स्क्रीनशॉट रात्री अकराचा पाठवला होता, वर कोपऱ्यात टाइम होता, मी पाहिलाच नव्हता. म्हणजे फ्लॅट खरा मिळाला असता तरी तो एरिया आमच्या कामाचा नव्हता.

यांनी तो आयकार्डचा फोटो पाहिल्या पाहिल्या सांगितलं, खरा फौजी आपलं आयकार्ड व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवत नाही, तशी सक्त ऑर्डर असते. मी हे आधी यांना दाखवायला हवं होतं. कुणी स्वतःहून कार्ड पाठवलं की तिथेच फोन ठेवा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरची कंप्लेंट केली, पण तोवर दहा बारा दिवस होऊन गेले होते, अकाउंट रिकामं. पैसे गेल्या गेल्या तासाभरात फोन केला तर बँकेत अडकवता येतात, म्हणून जरा जरी शंका आली तर वाट बघू नका.

नंतर आठवडाभर गेस्टरूममध्ये राहून बोपोडीत घर शोधलं, या वेळी पायाने. सकाळी सहाला जाऊन नळ बघितला, साडेआठला युनिटपर्यंत जाऊन यायला किती लागतं ते यांनी बाइकवर बघितलं, किराणावाल्याला आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना पाणी, लाइट, पावसाळा सगळं विचारलं. मालकाकडून लाइट बिल आणि इंडेक्स टू (घराच्या रजिस्टर खरेदीचा उतारा) मागितला, त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवलं, लिव्ह अँड लायसन्सला अंगठे लागल्यावरच डिपॉझिट दिलं. महाराष्ट्रात हे ॲग्रीमेंट रजिस्टर करणं कायद्याने बंधनकारक आहे, जबाबदारी मालकाची, जो टाळतो त्याच्याकडे जाऊच नका. स्वतःला येता येत नसेल तर त्या स्टेशनला आपल्या युनिटमधलं, गावाकडचं कुणी ना कुणी असतंच, त्याला एक सकाळ तिथे उभं राहायला सांगा, लाजू नका, मी लाजले होते.

मागच्या महिन्यात जबलपूरहून एका ओळखीच्या वहिनींनी मला घर बघायला एक व्हिडिओ पाठवला. नाव दुसरं, नंबर दुसरा, भाडं 13 हजार, खिडकीत तेच शेवग्याचं झाड. त्यांनी टोकन टाकलं नव्हतं अजून. तो नंबर पण मी कंप्लेंटमध्ये जोडलाय.